पानिपताहून परतलेली माणसे

मराठी माणसाच्या बोलण्यात पानिपत किती सहज येते! मुलगा गणितात आपटला, उमेदवाराची अनामत रक्कम जप्त झाली, पंगतीत मठ्ठा कमी पडला, की आपण म्हणतो, 'पानिपत झाले.' कुणावर भरवसा टाकायची सोय उरली नसेल, तर 'विश्वास पानिपतात गेला' हे ठरलेलेच. भाऊगर्दी हा शब्दही तिथलाच, असे सांगतात. संकट आले की ती 'संक्रांत'. वास्तविक 14 जानेवारी 1761 रोजी, पौष शुद्ध अष्टमीच्या त्या बुधवारी, संक्रांत होऊन काही दिवस उलटलेले होते. पण लोकांच्या आठवणीने दोन्ही एका गाठीत बांधून टाकली. लोकांच्या आठवणीशी पंचांग हातात घेऊन भांडू नये, एवढे शहाणपण वर्गात खडू झिजवून मला आलेले आहे.

एका दिवसाच्या लढाईने भाषेला एवढे दिले. पण त्या लढाईतून जी माणसे जिवंत परत आली, त्यांच्यासाठी आपल्याकडे एकही म्हण नाही. जे मेले ते बोलण्यात राहिले. जे परतले त्यांचे काय झाले, हे कुणी विचारीत नाही.

आणि परतलेली माणसे काही लहानसहान नव्हती. नाना फडणीस तेव्हा एकोणीस वर्षांचेही पुरते झाले नव्हते. ते त्या गर्दीतून जीव घेऊन निघाले. बरोबर आलेली आई त्या धुमाळीत नाहीशी झाली, ती कायमची. पुढे त्यांनी स्वतःच हे लिहून ठेवले आहे, आणि शूरत्वाचा आव न आणता लिहिले आहे. महादजी शिंद्यांच्या पायावर पाठलाग करणाऱ्याचा घाव बसला. राणेखान नावाच्या भिस्त्याने त्यांना आपल्या पखालीच्या बैलावर घालून आणले, म्हणून ते वाचले. पाय जन्माचा अधू झाला. त्या भिस्त्याला महादजींनी पुढे भाऊ मानले आणि मोठ्या पदाला चढवले. तिसऱ्या परतल्या त्या पार्वतीबाई, सदाशिवराव भाऊंची पत्नी. त्यांच्याविषयी पुढे लिहायचेच आहे.

विश्वास पाटील यांची 'पानिपत' ही कादंबरी 1988 साली आली, आणि ज्या घरांत पाठ्यपुस्तकाखेरीज दुसरे पुस्तक नसे त्या घरांतही ती शिरली. आमच्या अंधेरीच्या चाळीत तिची एकच प्रत होती. ती कुणाची हे शेवटी कुणालाच आठवेना. पुठ्ठा गेला, पहिली काही पाने गेली, तरी ती फिरतच होती. पुढे त्याच कादंबरीवरून पाटील यांनी नाटक लिहिले, 'रणांगण'. मोहन वाघ यांच्या 'चंद्रलेखा'ने ते रंगभूमीवर आणले, आणि दिग्दर्शन केले वामन केंद्रे यांनी.

एवढ्या मोठ्या कादंबरीचे नाटक करायचे म्हणजे आधी कात्री घ्यायची. कादंबरीला वेळेची चैन असते. उदगीरची लढाई फेब्रुवारी 1760 मधली. मार्चमध्ये फौज पटदुराहून उत्तरेकडे निघाली. ऑगस्टमध्ये दिल्ली हाती आली, ऑक्टोबरात कुंजपुरा. मग अब्दालीने यमुना उतरून वाट अडवली, आणि नोव्हेंबरपासून अडीच महिने दोन्ही छावण्या समोरासमोर खंदक खणून बसल्या. ते अडीच महिने म्हणजेच खरे पानिपत. दाणा संपला, जनावरे मरू लागली, थंडी हाडांत शिरली. कादंबरीकार आपल्याला त्या छावणीत पाने उलटायला लावून बसवून ठेवू शकतो. नाटकवाल्याला तीन तासांत सगळे उरकायचे असते, आणि घोडा तर एकही आणता येत नाही. मग तो काय करतो? माणसांना धावायला, पडायला, थरथरायला लावतो, आणि लढाई आपल्या डोळ्यांत उभी करतो.

पण याहून मोठा फरक दुसराच आहे, आणि तो व्याकरणाचा आहे. कादंबरी भूतकाळात चालते. 'भाऊसाहेब घोड्यावर बसले' असे ती सांगते. म्हणजे जे व्हायचे ते होऊन गेलेले आहे. नाटकाला भूतकाळ ठाऊकच नाही. पडदा वर गेला की भाऊ समोर उभे *आहेत*. बोलत आहेत, रागावत आहेत. आपल्याला शेवट पाठ असतो, तरी तिसऱ्या अंकापर्यंत आपण आत कुठेतरी म्हणत असतो, या वेळी कदाचित पाऊस पडेल, रसद येईल, वारा फिरेल. कादंबरीचे नाटक करणे म्हणजे 'होता'चे 'आहे' करणे. व्याकरणाच्या तासाला हे फार सोपे वाटते.

ते नाटक मी पार्ल्याच्या दीनानाथ नाट्यगृहात पाहिले, तेव्हा विशीत होतो. आम्ही पाच जण होतो: मी, माझे वडील (आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू), बोरिवलीचे सुभेदारकाका, मुलुंडचे हवालदारकाका आणि घाटकोपरच्या भटवाडीतल्या काकू. तिकिटे अण्णांनी काढली होती. अण्णा फौजेतून निवृत्त होऊन मरोळच्या एका कारखान्यात पहाऱ्यावर होते. नाटकाच्या तिकिटावर पैसे घालणारे ते गृहस्थ नव्हेत. पण 'पानिपत' त्यांनी दोनदा वाचली होती, आणि 'हे लढाईचं आहे, सगळ्यांनी बघायला पाहिजे' असा त्यांनी हुकूमच काढला.

सगळ्यांनी म्हणजे बेळगावला मराठा सेंटरमध्ये एकत्र भरती झालेल्या, आणि 1971 मध्ये पश्चिम आघाडीवर एकाच कंपनीत असलेल्या चौघांनी. चौथे म्हणजे काकूंचे यजमान. ते त्या डिसेंबरात एका रात्री गस्तीवर गेले आणि आले नाहीत. 'बेपत्ता' असा कागद आला. देह आला नाही, घड्याळ आले नाही, काही आले नाही. त्या युद्धात बेपत्ता झालेल्या 54 जणांची यादी पुढे अनेक वर्षे संसदेत आणि वर्तमानपत्रांत गाजत राहिली. काकांचे नाव त्या यादीतही नाही. काही वर्षांनी सरकारी नियमाप्रमाणे मृत्यू गृहीत धरून पेन्शन सुरू झाली, आणि काकूंनी ती घेतली, कारण पदरात दोन लेकरे होती. कुंकू मात्र त्यांनी पुसले नाही.

दर 16 डिसेंबरला ही मंडळी कुणा एकाच्या घरी जमत. पाळीपाळीने अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर. पश्चिमेकडची आणि मध्य रेल्वेवरची माणसे ही, म्हणजे एक तर दादरला गाडी बदला नाही तर अंधेरी-घाटकोपर 340 नंबरच्या बसमध्ये दीड-दीड तास लोंबकळा. तरी कुणी चुकत नसे. लहानपणी मला त्या दिवसाचे फार आकर्षण होते. तीन-तीन फौजी घरात. आता तोफा धडाडणार! मी कोपऱ्यात पाय दुमडून बसे. आणि बोलणे काय निघे? लंगरातल्या डाळीत कुणाला सुतळीचा तुकडा सापडला होता. एका खेचराने कुणाचे घरून आलेले पत्र खाल्ले, आणि मग सगळ्यांनी मिळून त्याला त्यातला मजकूर काय असेल तो तोंडी सांगितला. ड्रिलच्या उस्तादाची शिवी, तिची निरनिराळी रूपे, माझ्या आईने आतून भांडे आपटले की बंद. मग पेन्शन, महागाई भत्ता, गुडघे. एकदा धीर करून मी म्हटले, "काका, लढाईचं सांगा ना." हवालदारकाकांनी माझ्याकडे जरा चमत्कारिक नजरेने पाहिले आणि म्हणाले, "लढाई काय? झाली."

एक गोष्ट मात्र मला फार उशिरा, शिक्षक झाल्यावर, लक्षात आली. काकू खोलीत असल्या की ही मंडळी काकांविषयी वर्तमानकाळात बोलत. 'तो गातो बरं का, गळा आहे त्याला.' 'त्याला तिखट चालत नाही.' काकू चहा ठेवायला आत गेल्या की तीच वाक्ये भूतकाळात जात: 'गायचा बिचारा.' त्या बाहेर आल्या की परत वर्तमानात. कुणी कुणाला शिकवले नव्हते, कधी ठरवले नव्हते. तीस वर्षे कुणाची एक क्रिया चुकली नाही. आमच्या वर्गातल्या पोरांना काळ ओळखा म्हटले तर दहा मिनिटांत पाच चुका.

तर अशी ही मंडळी दीनानाथात बसली. पहिल्या अंकात सुभेदारकाका ताठ, संचलन पाहावे तसे. मध्यंतरात आम्ही बाहेर आलो. बटाटावडा हातात घेऊन हवालदारकाका म्हणाले, "ते उपासमारीचं दाखवलं ना, ते बरोबर आहे. बाकी तलवारींचं आपल्याला काय कळतंय?" अण्णा म्हणाले, "वाट बघणं दाखवलं ते बरोबर आहे." सुभेदारकाका काही बोलले नाहीत; त्यांनी वडा अर्धा टाकून दिला. दुसऱ्या भागात, सगळे कोसळू लागले तेव्हा, मी हळूच काकूंकडे पाहिले. त्या रंगमंचाकडे पाहत होत्या, पण लढाईकडे नव्हे. माणसे कोणत्या बाजूने आत जाताहेत आणि कोणत्या बाजूने पुन्हा बाहेर येताहेत, तेवढे पाहत होत्या.

प्रयोग सुटल्यावर आम्ही स्टेशनाकडे चालत होतो. काकू माझ्या बाजूला आल्या.

"पार्वतीबाईंचं पुढं काय झालं रे? ते काही दाखवलं नाही."

मी सांगितले. त्या हजारो कोस हाल काढीत परत आल्या. पुण्याला येईतो त्यांना पांढरे नेसवावे असे काहींना वाटत होते, पण भाऊ गेले हे त्यांनी मानले नाही. काशीराज पंडिताच्या हकिकतीत भाऊंचा देह ओळखून त्याला अग्नी दिल्याचे आहे. परंतु पानिपताची राख पुण्याला कशी दिसणार? त्या कुंकू लावून राहिल्या, सौभाग्यवती म्हणून राहिल्या. नानासाहेब पेशवे त्याच वर्षी जूनमध्ये पर्वतीवर वारले, थोरले माधवराव आले नि गेले, नारायणरावांचा खून झाला, बारभाईंचा कारभार झाला, पार्वतीबाई तशाच. 1783 मध्ये त्या वारल्या, तेव्हा त्यांच्याबरोबर भाऊंचेही उत्तरकार्य केले गेले. तोपर्यंत ते केलेले नव्हते.

काकूंनी चालता चालता बोटांवर हिशेब केला. "बावीस वर्षं," म्हणाल्या. मग थोड्या वेळाने, "माझी तीस होत आली."

गाडी आली. बायकांच्या डब्यात त्या एकट्याच चढल्या.

आता तोतयाकडे वळले पाहिजे. पानिपतानंतर काही वर्षांतच 'मी सदाशिवराव भाऊ' असे म्हणणारा एक मनुष्य उत्तरेत उभा राहिला. जातीने कनोजा ब्राह्मण. थोरल्या माधवरावांच्या कारकिर्दीतच तो खोटा ठरला आणि कैदेत पडला. पण 1776 मध्ये रत्नागिरीच्या सुभेदाराने, रामचंद्र नाईक परांजप्याने, त्याला बाहेर काढून भाऊ म्हणून उभे केले. आणि काय चमत्कार! हजारो माणसे त्याच्या झेंड्याखाली जमली, कोकणातले किल्ले भराभर त्याच्याकडे झाले, तो बोरघाट चढून राजमाचीपर्यंत आला. महादजी शिंदे आणि भिवराव पानसे यांनी त्याला मोडले. तेव्हा तो समुद्रावर आला आणि गलबतात बसून मुंबईकडे, इंग्रजांच्या आश्रयाला निघाला. रघूजी आंग्र्यांनी त्याला धरला. डिसेंबर 1776 मध्ये पुण्यात त्याला देहदंड झाला.

मुंबईच्या आसऱ्याला तो निघाला यात मला एक कडवट मौज वाटते. आपली ही सारी उपनगरे, अंधेरी काय, बोरिवली काय, मुलुंड-घाटकोपर काय, साष्टी बेटावर वसलेली. 1737 ते 39 च्या मोहिमेत हा मुलूख पोर्तुगीजांकडून घेतला चिमाजी आप्पांनी, म्हणजे भाऊसाहेबांच्या सख्ख्या वडिलांनी. डिसेंबर 1774 मध्ये इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला घेतला आणि साष्टी आपल्या हातची गेली. पुढच्या दोनच वर्षांत खोटा मुलगा, बापाने जिंकलेल्या बेटाच्या शेजारच्या बेटावर, परक्याकडे शरण जायला निघाला! आज त्याच साष्टीवर पार्ल्याला दीनानाथ आहे, मुलुंडला कालिदास आहे, बोरिवलीला प्रबोधनकार ठाकरे नाट्यमंदिर आहे, आणि रंगवलेला भाऊ तिथे येऊन टाळ्या घेऊन जातो.

न. चिं. केळकरांनी या प्रकरणावर 'तोतयाचे बंड' हे नाटक लिहिले. एके काळी ते मराठी रंगभूमीवर चांगले गाजले होते. केळकर 'केसरी'चे संपादक. त्यांच्या नाटकात राजकारण असणार हे ओघानेच आले. पण त्या प्रकरणात राजकारणापलीकडचे जे आहे, ते मला छळते. लोकांनी त्या माणसावर विश्वास का ठेवला? परांजप्याचा डाव होता, नानांचे शत्रू टपलेले होते, हे सगळे खरे. पण हजारो माणसे डावपेचासाठी घर सोडून निघत नाहीत. मला वाटते, पानिपतावर ज्याचा मुलगा, भाऊ, नवरा गेला आणि देह आला नाही असे घर तेव्हा गावोगाव होते. भाऊ परत येऊ शकतात, तर आपला का नाही? एका भाऊंच्या पाठीमागून कितीजण घरी यायचे होते! तोतयाच्या फौजेत असे कितीतरी न दिसणारे शिपाई चालत असले पाहिजेत.

अशी गोष्ट फक्त आपल्याकडेच घडली असेही नाही. फ्रान्समध्ये सोळाव्या शतकात मार्तं गेर नावाचा शेतकरी 1548 मध्ये घर सोडून गेला. आठ वर्षांनी त्याच्या नावाने दुसराच माणूस आला, आणि बायकोसकट गावाने त्याला पत्करले. पुढे तंटा झाला, खटला उभा राहिला. 1560 मध्ये खटल्याचा निकाल तोतयाच्या बाजूने लागत आला असतानाच खरा मार्तं दाराशी उभा राहिला. तो स्पेनच्या बाजूने लढाईत पाय गमावून, लाकडी पायावर चालत आला होता. तोतया फासावर गेला. त्या कथेवर 1982 मध्ये चित्रपटही निघाला. त्या लोकांना निदान शेवटी खरा माणूस मिळाला.

पुण्यात खरा कुणी आला नाही. तिथे ज्यांनी भाऊंना पाहिले होते अशी माणसे जमवून तोतयाची चौकशी झाली. इथे मी थांबतो. कारण कारभाराच्या मुळाशी होते नाना, आणि तोतयाला मोडणारे होते महादजी. दोघेही पानिपताहून परतलेले. पंधरा वर्षांनंतर ही माणसे पुन्हा एकत्र येतात ती कशासाठी? तर आपल्या सेनापतीचे नाव सांगणाऱ्या एका चेहऱ्याकडे निरखून पाहण्यासाठी. त्या रणातून आपण निसटलो. आई मागे राहिली. आणि हा मनुष्य समोर उभा राहून म्हणतो, मी भाऊ. तो खोटा आहे हे नानांना ठाऊक असेल. पण क्षणभर, एक क्षणभर, 'तुम्ही तेव्हा कुठं गेलात?' असे त्याने विचारले तर? असे कागदात कुठे नाही. हे माझ्या कादंबरीकाराच्या डोक्यात आहे. पण रंगभूमीसाठी यापेक्षा मोठा प्रवेश मला सुचत नाही. तलवार नको, तोफ नको. पाच-सहा प्रौढ माणसे आणि एक चेहरा. आणि गंमत अशी की जो नट भाऊंची भूमिका करतो तोही तोतयाच की! त्याला पाहून आपण तिकीट काढून, जाणूनबुजून, तीन तास म्हणतो, हेच भाऊ.

हे सारे मला पुस्तकात सुचलेले नाही. 2007 साली 1971 च्या बेपत्ता जवानांच्या काही नातेवाइकांना पाकिस्तानातले तुरुंग पाहायला नेले होते. कुणी सापडले नाही. पण त्या सुमारास अशा घरांतून पुन्हा हालचाल सुरू झाली. काकूंच्या गावाकडच्या कुणीतरी त्यांना एक छायाचित्र आणून दिले. कशाचे तरी छापील पान, त्याची प्रत, तिचीही प्रत. दाढी वाढलेला एक कैदी, भिंतीला टेकून. त्या वर्षीची 16 डिसेंबरची पाळी भटवाडीची होती. मी अण्णांना पोहोचवायला गेलो होतो.

चहा झाला. खेचराची गोष्ट झाली. मग काकूंनी देवाच्या फळीवरून ते पान काढले आणि तिघांच्या पुढे सतरंजीवर ठेवले.

"तुम्ही तिघांनी त्यांना रोज पाहिलंय. मी लग्नानंतर सगळे मिळून चार महिने पाहिलं. तुम्ही सांगा."

मुले मोठी झाली होती, दोघेही तिथे उभी होती. कुणी काही बोलेना. सुभेदारकाकांनी चष्मा पुसला आणि पान खिडकीपाशी नेले. मग अण्णांनी घेतले. मग हवालदारकाकांनी, ते पुन्हा सुभेदारकाकांकडे. अर्धा तास तरी ते पान असे फिरत होते. खाली कुणाच्या तरी दूरदर्शनवर क्रिकेट चालले होते. मला अण्णांचा चेहरा दिसत होता; इतके दमलेले मी त्यांना पहाऱ्याची रात्रपाळी करून आल्यावरही पाहिले नव्हते. 'असेल' म्हणणे किती सोपे होते. 'सांगता येत नाही' म्हणणे त्याहून सोपे, आणि ते खोटेही झाले नसते. इतके ते चित्र पुसट होते.

शेवटी सुभेदारकाका म्हणाले, "नाही, वहिनी. त्याच्या डाव्या भुवईत वण होता. केस उगवत नव्हते तिथं. याची भुवई अखंड आहे."

'होता.' खोलीतल्या प्रत्येकाला तो शब्द ऐकू आला. अण्णांनी डोळे मिटले. छत्तीस वर्षांत काकूंच्या समोर पहिल्यांदा.

काकूंनी पान उचलले, घडी घातली.

"आहे," त्या म्हणाल्या. "वण आहे. चिंचेवरून पडले होते लहानपणी, सासूबाई सांगायच्या." आणि पान परत फळीवर ठेवून, भांडी गोळा करू लागल्या.

परतताना 340 च्या बसमध्ये अण्णा साकीनाक्यापर्यंत गप्प होते. मग म्हणाले, "सुभेदारनं बरोबर केलं." थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, "मला जमलं नसतं."

हवालदारकाका पुढे दोन वर्षांनी गेले, मग अण्णा. सुभेदारकाकांचे गुडघे पार गेले आहेत, तरी सून त्यांना 16 डिसेंबरला रिक्षात घालून आणते. पाळी आता दोनच घरांची, बोरिवली आणि घाटकोपर. अंधेरीहून मी जातो. आता मेट्रो आहे, वीस-पंचवीस मिनिटांत पोहोचतो. लंगरातली डाळ अजून निघते. संक्रांतीला आमची आई होती तोवर पहिले हळदीकुंकू काकूंनाच लावीत असे. एका वर्षी चाळीतली एक बाई दारातून परत गेली. आईने तिला हाक मारली नाही.

गेल्या डिसेंबरात मी काकूंना म्हटले, की तोतयाच्या चौकशीवर कादंबरी लिहायची आहे, आणि मुलुंडची काही हौशी मंडळी तिचे नाटक करू म्हणताहेत. सगळी गोष्ट सांगितली. सुभेदारकाका भिंतीला टेकून डुलकी काढीत होते. काकूंनी ऐकून घेतले.

"तिला दाखवला का त्याला?"

"पंच पुरुष होते, काकू."

"ते होय." त्यांनी शेवग्याच्या शेंगा सोलायला घेतल्या. "तू लिहिशील तेव्हा तिला समोर ने. पडदाबिडदा ठेवू नकोस मध्ये. चांगला उजेड ठेव."

"आणि ती काय म्हणेल?"

"ते तिचं ती बघेल," काकू म्हणाल्या. "सुभेदारभावजींना उठव. भात गार होतोय."